तीन बाजूंची कटिंग

काकड्या सोलायला घेतल्या तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि पाहुण्या यायच्या होत्या दुपारी चारला. एवढ्या वेळात एखादी सुगरण अख्ख्या लग्नाचा स्वयंपाक उरकून वर डुलकीही काढते. पण बाइंडरांनी उभ्या जन्मात चहाखेरीज काही केलेलं नव्हतं, आणि तो चहाही बायको घरात नसली तरच. म्हणून त्यांनी पाच तास हाताशी ठेवले होते.

सगळी गल्ली त्यांना बाइंडरच म्हणायची. खरं नाव पोस्टमनला तेवढं ठाऊक. घराच्या पुढच्या खोलीत पुस्तकं शिवायचा कारखाना, मागच्या तीन खोल्यांत संसार, आणि दोहोंच्या मध्ये एक दार. ते दार चाळीस वर्षांत कधी लावलं गेलं नव्हतं. खळीचा वास आत यायचा, कांद्याचा वास बाहेर जायचा, आणि नवराबायको एकमेकांशी बोलायचे ते बहुधा त्या दारातूनच, दोघंही आपापल्या कामावरची नजर न काढता. त्यांचं छान चाललं होतं असंच सगळे म्हणत, आणि ते खोटंही नव्हतं.

बायकोला जाऊन एकवीस दिवस झाले होते.

ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, अठ्ठावीस वर्षं. तिथल्या तीन मैत्रिणी निवृत्तीनंतरही दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी चार वाजता चहाला यायच्या. बायकोनं त्यांना ठेवलेली नावं बाइंडरांनाही पाठ होती. जिचा आवाज भिंतीपलीकडे जायचा ती ट्रंककॉल. जी दुसऱ्याला बोलूच द्यायची नाही ती एंगेज. आणि जी हटकून नको तिथे नको ते विचारायची ती राँग नंबर. त्या आल्या की बाइंडर आपले कारखान्यात. चार बायकांच्या घोळक्यात पुरुषानं कशाला तडमडायचं, हे त्यांचं साधं तत्त्व. संध्याकाळी आत आले की ओल्या फडक्याखाली त्यांच्या वाटणीची चार सँडविच झाकलेली असायची. ती ते उभ्या उभ्या खायचे. चव विचाराल तर गार, मऊ आणि बरी, यापलीकडे त्यांना सांगता आलं नसतं.

गेल्या आठवड्यात ट्रंककॉलचा फोन आला. "भाऊजी, आम्ही येऊ का एकदा? नेहमीसारखं. तुम्ही काही करू नका हं, आम्ही बिस्किटं घेऊन येतो."

"बिस्किटं नकोत," बाइंडर म्हणाले. "सँडविच करतो मी."

आई गेल्यापासून माहेरी थांबलेली मुलगी हातातलं काम सोडून बघायला लागली. आपण हे का म्हणालो ते बाइंडरांनाही कळलं नाही. पण तोंडातून गेलं ते गेलं. मग ट्रंककॉलनं कृती सांगितली आणि त्यांनी ती जॉबच्या कागदावर लिहून घेतली, जशी एखाद्या गिऱ्हाइकाची ऑर्डर लिहून घेतात तशी. ब्रेड आदल्या दिवशीचा. बटर मऊ. काकडीला मीठ लावून पिळणे. गाजर किसून घट्ट दह्यात. फार जाड नको. शेवटी कडा कापणे. "आणि बटर पार कडेपर्यंत लावा बरं का," ट्रंककॉल ओरडली, "नाहीतर काकडीचं पाणी ब्रेडमध्ये उतरतं!" हे काही त्यांना शिकवायला नको होतं. खळ कडेला कमी पडली की कापड सुटतं, हे त्यांना मिसरूड फुटायच्या आधीपासून माहीत होतं.

तर काकड्या. बाइंडरांनी त्या सोलल्या, चकत्या केल्या, सगळ्या एका जाडीच्या. जाडी त्यांनी अंगठ्यानं चाचपून बघितली, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की काकडी गार लागत नाहीये. फ्रिजमधून काढलेली काकडी, गार असणारच. पण बोटांना काहीच लागत नव्हतं. खळ हातावर वाळली की बोटांवर एक पापुद्रा धरतो, आणि तो धुऊन काढेपर्यंत काही धरलं तरी धरल्यासारखं वाटत नाही. तसं झालं होतं. फक्त हा पापुद्रा एकवीस दिवस धुऊन जात नव्हता, आणि तो नुसता बोटांवरही नव्हता.

ते रडले नव्हते. पहिल्या दिवशी नाही, नंतरही नाही. चौथ्या दिवशी तर सकाळी कारखान्यातून कटिंग मशीनचा आवाज यायला लागला तेव्हा शेजारपाजारचे एकमेकांकडे बघायला लागले. बायकोची बहीण तेव्हा घरातच होती. ती म्हणाली, "माणूस आहे का दगड? मेल्या माणसाची चादरसुद्धा अजून धुतली नाही आणि हा वह्या कापतोय!" बाइंडरांनी ते दारातून ऐकलं. त्यांना राग आला नाही. उलट, दगड असेल तर निदान काय आहोत ते तरी कळलं, असं त्यांना वाटलं. आपल्याला काही वाटतच नाही की काय, याची त्यांना आतून भीती बसली होती. पण ती भीतीसुद्धा कशी, तर दुसऱ्या कुणाची तरी असावी तशी.

बहिणीला उत्तर दिलं ते मुलीनं. "मावशी, पुरे," ती म्हणाली होती. "आईला शेवटचं पाणी बाबांनी पाजलंय. त्यांच्या हातचं पाणी पिऊन गेली ती. तुम्ही कुणीच नव्हता, मीपण नव्हते. ते होते." त्यावर मावशी तणतणत निघून गेली आणि तिचा अजून फोन नव्हता.

आणि इथेच सगळी गोम होती. कारण पाणी कुणी पाजलं नव्हतं.

झालं होतं ते असं. त्या दुपारी बाइंडर शाळेच्या हजेरीपटांची कटिंग करत होते. चाळीस हजेरीपट, त्यातले पंधरा उरलेले. पाच-पाचाची थप्पी मशीनला लावायची, चाक फिरवून दाब द्यायचा, पातं खाली घ्यायचं. बायको आतल्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत होती. तिनं हाक मारली, "अहो, बसा ना जरा येऊन." सकाळपासून तिला बरं वाटत नव्हतं, पण तसं ती महिन्यातून दोनदा म्हणायची. बाइंडर म्हणाले, "थप्पी लावलीय गं. एवढी कटिंग संपवून येतो." त्यावर ती काही बोलली नाही. पंधरा वह्या झाल्या, त्यांनी हात पुसले, आत आले आणि म्हणाले, "बोल, काय म्हणत होतीस?" तेव्हा ती गेलेली होती.

मुलीला फोन केला तेव्हा ती पहिल्यांदा किंचाळली आणि मग तिनं विचारलं, "तुम्ही होतात ना जवळ?" बाइंडर म्हणाले, "होतो." खुर्चीपासून मशीन अकरा पावलं. त्याला जवळ म्हणता येतं. "काही म्हणाली?" या प्रश्नाला मात्र त्यांच्याकडे खरं उत्तर होतं, पण ते त्यांनी दिलं नाही. ते म्हणाले, "पाणी मागितलं." "दिलंत?" "दिलं." "प्यायली?" "दोन घोट." खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. पण या खोट्याच्या कपाळावरून मुलीनं मायेनं हात फिरवला. ते दोन घोट तिनं जपून ठेवले, आल्यागेल्याला सांगितले, त्यांच्यासाठी मावशीशी भांडली. बाइंडरांना रोज वाटायचं, आज सांगू. आणि रोज संध्याकाळ व्हायची.

उद्या सकाळच्या गाडीनं मुलगी परत जाणार होती. बारा तासांचा प्रवास, तिचं घर, तिची नोकरी. एकदा ती गाडीत बसली की ते दोन घोट तिच्याबरोबर जाणार आणि जन्मभर तिच्याकडे राहणार. आणि सांगितलं तर? या जगात बाइंडरांना "जेवलात का" म्हणून विचारणारं ते एकच माणूस उरलं होतं.

मीठ लावलेल्या काकडीला पाणी सुटलं होतं. बाइंडरांनी चकत्या फडक्यात गुंडाळून पिळल्या तेव्हा मुलगी स्वयंपाकघरात आली.

"बाबा, किती जोर लावताय! काकडी आहे, चोर नाही पकडलेला."

"पाणी राहिलं तर ब्रेड भिजतो."

"राहू द्या थोडं. सुकी काय खायची?" तिनं गाजराचा कीस दह्यात कालवला, मिरपूड घातली, बोटावर घेऊन चाखला आणि दुसरं बोट त्यांच्यापुढे केलं. "बघा बरं मीठ."

बाइंडरांनी चाखलं. जिभेला काही कळलं नाही. "बरं आहे," ते म्हणाले.

"तुम्हाला सगळंच बरं आहे." ती हसली. मग ओट्याला टेकून म्हणाली, "बाबा, एक सांगू? आज त्यांना तुम्ही सांगा ना. आईचं शेवटचं. मी सांगते ते ऐकीव. तुम्ही तिथे होतात. त्या तिघींना बरं वाटेल."

"काय सांगायचं त्यात?"

"तेच. पाणी मागितलं, तुम्ही दिलं. तेवढंच. मलाही तुमच्या तोंडून नीट ऐकायचंय एकदा, जायच्या आधी. फोनवर मी काय ऐकलं माझं मला आठवत नाही."

"बघू," बाइंडर म्हणाले. बघू म्हणजे नाही, हे ज्या घरात ती वाढली तिथे तिला माहीत असायला हवं होतं. पण ती "थँक यू, बाबा" म्हणाली आणि कपबश्या पुसायला आतल्या खोलीत गेली.

एकटे उरल्यावर बाइंडरांनी ब्रेडचे चोवीस स्लाइस ओट्यावर मांडले. बटर लावताना ते मधून कडेकडे नेलं, एकाच हातानं, न उचलता. काकडीच्या चकत्या एकीवर एक अर्धी अशा बसवल्या. सहा काकडीची, सहा गाजराची. बारा सँडविच झाली तेव्हा त्यांनी ती तीन-तीनाच्या थप्प्यांनी रचली, वर ओलं फडकं टाकलं, फडक्यावर कारखान्यातली स्वच्छ पुसलेली फळी आणि फळीवर वजन म्हणून बटाट्यांची टोपली. दहा मिनिटं दाब. ट्रंककॉलनं हे सांगितलं नव्हतं. पण चिकटवलेली वस्तू दाबाशिवाय सोडायची म्हणजे काय! बाइंडर टोपलीपाशी उभे राहिले. त्यांना बसायचं सुचलं नाही. तसे ते बसणारे नव्हतेच. त्यांचं कामच उभ्यानं करायचं होतं आणि घरातही ते दाराला नाहीतर ओट्याला टेकलेले असायचे. बायको म्हणायची, तुमच्या खुर्च्या म्हाताऱ्या होणार नाहीत. अशा वेळी ते हसायचे आणि उभेच राहायचे.

मग कटिंग. सुरी लांब, कारखान्यातलीच जुनी, झिजून निमुळती झालेली. बायकोनं ती कधीतरी मागून घेतली होती. बाइंडरांनी थप्पी पुढ्यात घेतली, डाव्या पंजानं दाब दिला आणि सुरी सरळ खाली उतरवली. समोरची बाजू. थप्पी फिरवली, डोक्याची बाजू. परत फिरवली, पायाची बाजू. सुरी पुसली. दुसरी थप्पी. हात आपोआप चालत होते, आणि त्या एवढ्या वेळात त्यांना खरंच शांत वाटलं. विचार नाही, मुलगी नाही, पाणी नाही. चारी थप्प्या झाल्यावर प्रत्येकीचे तीन-तीन उभे तुकडे केले. बोटभर रुंदीचे, सगळे सारखे. छत्तीस तुकडे दोन ताटल्यांत रचले, वर ओलं फडकं घातलं. घड्याळात साडेतीन वाजले होते. कडांचा ढीग त्यांनी कातरण टाकायच्या सवयीनं कचऱ्याच्या टोपलीत ढकलला.

चारला पाच कमी असताना तिघी आल्या. ट्रंककॉलनं दारातच मुलीला मिठी मारली आणि आपल्या मते हळू आवाजात म्हणाली, "वाळली गं पोर!" ते पलीकडच्या घरातही ऐकू गेलं असणार. आतल्या खोलीत मुलीनं खुर्च्या मांडल्या होत्या. खिडकीजवळची खुर्ची मात्र होती तिथेच होती. तिच्याकडे सगळ्यांनी बघितलं आणि तिच्यावर कुणीच बसलं नाही. तिघी बसल्या, मुलगी स्टुलावर बसली. बाइंडर किटली घेऊन दारात उभे राहिले.

"बसा ना, भाऊजी," एंगेज म्हणाली.

बाइंडरांनी किटली दुसऱ्या हातात घेतली. "असू दे," ते म्हणाले. "मी बरा आहे."

एंगेजनं मग बोलायला सुरुवात केली. एक्स्चेंजमधल्या गोष्टी. बायकोनं एकदा रागावलेल्या साहेबाला त्याच्याच बायकोशी कसं जोडून दिलं होतं, संपाच्या दिवशी ती बोर्डावर डोकं ठेवून कशी झोपली होती. मुलगी हसत होती, मधेच डोळे पुसत होती. बाइंडरांनी यातलं काहीच ऐकलेलं नव्हतं. चाळीस वर्षं ज्या बाईच्या हातचं खाल्लं ती बोर्डावर डोकं ठेवून झोपायची, हे त्यांना आज तिऱ्हाईताकडून कळत होतं. त्यांनी कप भरले. एका कपात चहा काठोकाठ झाला आणि बोटावर सांडला. तो गरम होता हे त्यांना बोट लाल दिसल्यावर समजलं.

"अहो, बसा की तुम्ही!" ट्रंककॉल म्हणाली. "आम्ही काय परक्या आहोत? ती खुर्ची घ्या."

"नको," बाइंडर म्हणाले.

"बाबा उभेच असतात," मुलगी म्हणाली. मग तिनं कप खाली ठेवला आणि त्यांच्याकडे वळून बघितलं. "बाबा, सांगा ना आता. त्या दिवशीचं."

एंगेजनंही कप खाली ठेवला. बाइंडरांनी फडकं काढून ताटली पुढे केली, जणू सांगण्याऐवजी तीच देऊन भागणार होतं. तिघींनी एकेक तुकडा उचलला. "त्या दिवशी," बाइंडर म्हणाले आणि थांबले. मुलगी किंचित पुढे झुकली. "तिनं पाणी..."

"अगं बाई," राँग नंबर म्हणाली. हातातला तुकडा तिनं उजेडाकडे धरला होता. "भाऊजी, हे काय? कड राहिलीय की एका टोकाला."

एंगेजनं आपला तुकडा बघितला. त्यालाही होती. छत्तीसच्या छत्तीस तुकड्यांना एका टोकाला तपकिरी कड होती, बोटाला नख असतं तशी.

"सगळ्यांनाच आहे!" ट्रंककॉल म्हणाली आणि हसायला लागली. दुःखाच्या घरात हसू आलं की ते आवरत नाही, तसं झालं. मुलगीही हसली. "बाबा, चौथी बाजू विसरलात?"

बाइंडर ताटलीकडे बघत राहिले. त्यांनी स्वतःच्या हातांनी कापलं होतं आणि ते त्यांना आत्ता दिसत होतं. "विसरलो नाही," ते म्हणाले. "पुस्तकाच्या तीनच बाजू कापतात. चौथ्या बाजूला शिलाई असते. ती कापली तर पानं सुटतात."

बायका आणखी हसल्या. "म्हणजे आमची सँडविच बाइंडिंग करून आली!" एंगेज म्हणाली.

"हाताला सवय आहे," बाइंडर म्हणाले. त्यांचा आवाज अगदी नेहमीचा होता, गिऱ्हाइकाला माल कधी मिळेल ते सांगावं तसा. "त्या दिवशीही कटिंगच चालली होती. तिनं हाक मारली. थप्पी लावलेली होती म्हणून मी गेलो नाही. पंधरा वह्या होत्या. त्या झाल्यावर गेलो तर ती गेली होती."

हसणं एकदम थांबलं नाही. राँग नंबरचं थोडं पुढे गेलं आणि मग तिच्या लक्षात आलं.

"गेली होती म्हणजे?" मुलगी म्हणाली.

"मी आत आलो तेव्हा गेलेली होती."

"मग पाणी?"

"पाणी तिनं मागितलं नव्हतं."

"तुम्ही म्हणालात दोन घोट."

"म्हणालो."

मुलगी स्टुलावरून उठली नाही. तिनं फक्त हात मांडीवर घेतले. "पंधरा वह्यांना किती वेळ लागतो?" तिनं विचारलं.

"वीस मिनिटं."

बाइंडरांना वाटलं, आता आपल्याला काहीतरी होईल. पाय लटपटतील, छातीत कळ येईल. काही झालं नाही. ताटली हातात होती, ती त्यांनी खाली ठेवली. शेवटी ट्रंककॉलनं आपला तुकडा तोंडात घातला आणि सावकाश चावला, कडेसकट. मग एंगेजनंही खाल्ला. तिघींनी चहा संपवला. जाताना मुलीच्या पाठीवरून हात फिरवून दोघी पुढे गेल्या. ट्रंककॉल दारात थांबली आणि बाइंडरांना म्हणाली, "मीठ बरोबर पडलं होतं, भाऊजी." आणि हे ती खरंच हळू म्हणाली.

मुलगी स्वयंपाकघरात कप धूत होती. बाइंडर दाराला टेकून उभे राहिले. नळ बराच वेळ वाहत होता.

"मावशीशी भांडले मी तुमच्यासाठी," ती पाठमोरीच म्हणाली.

"माहीत आहे."

"सगळ्यांना सांगितलं. ऑफिसात फोन करून सांगितलं. माझ्या सासूला सांगितलं. माझी आई तहानलेली नाही गेली म्हणून."

"माहीत आहे."

"मग का सांगितलंत मला तसं?"

बाइंडरांनी खरंच विचार केला. "तू विचारलंस," ते म्हणाले. "माझ्याकडे तुला द्यायला दुसरं काही नव्हतं."

तिनं नळ बंद केला. तिचे डोळे लाल होते, पण आवाज कोरडा होता. "हाक मारली म्हणालात. काय म्हणाली ती? आता खोटं बोललात तर मी पुन्हा या घरात पाऊल टाकणार नाही, बाबा."

"बसा ना जरा येऊन, म्हणाली."

"एवढंच?"

"एवढंच."

मुलीनं हात पुसले. पुसून झाल्यावरही ती टॉवेल हातातच धरून उभी होती. मग ती त्यांना ओलांडून आतल्या खोलीत गेली. फरशीवर स्टूल ओढल्याचा आवाज झाला. बाइंडर दारापर्यंत गेले. मुलगी खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, आईच्या खुर्चीत, आणि स्टूल तिनं समोर ठेवलं होतं, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ.

"बसा," ती म्हणाली. त्यात माया नव्हती. रागावलेल्या मास्तरीण बाईंनी म्हणावं तसं ती म्हणाली.

बाइंडरांनी सवयीनं कारखान्याच्या दाराकडे बघितलं. मशीनला काही लावलेलं नव्हतं. ते आले आणि स्टुलावर बसले. बसताना डाव्या गुडघ्यात कळ आली, आणि एकवीस दिवसांत पहिल्यांदाच आपलं काहीतरी दुखलं, हे त्यांच्या ध्यानात आलं.

समोर मुलगी होती, तिच्या मागे खिडकी. बाइंडर हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. असं नुसतं बसून काय करायचं असतं ते त्यांना माहीत नव्हतं.

"काय बोलू?" त्यांनी विचारलं.

"काही बोलू नका," मुलगी म्हणाली. "ती बोला म्हणाली नव्हती."

मग ते काही बोलले नाहीत. भिंतीवरच्या घड्याळात सव्वापाच झाले होते. पाच पस्तीस झाले, तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही.